गच्चीवरच्या बागेचा हिशेब

"ताई, माझं वय ४६, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६४ किलो. साखर बॉर्डरवर आलीय. गोळी नाही, पण वजन उतरवा असं डॉक्टरांनी बजावलंय. मुलीने फोनवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. सुरुवातीला त्याने माहिती विचारली, मी 'हलकी हालचाल' निवडलं. दिवसाला १४०० कॅलरी ठरल्या. जिमची मला मुळीच हौस नाही, पण सोसायटीच्या गच्चीवर माझ्या चाळीस कुंड्या आहेत. रोज सकाळचा दीड तास तिथेच जातो. तो मी 'गार्डनिंग, ९० मिनिटं' म्हणून भरते आणि अ‍ॅप मला ३६५ कॅलरी वाढवून देतं. चार महिने झाले, काटा जागचा हलत नाही. आमचे हे सकाळी चार किलोमीटर चालून येतात. त्यांचं म्हणणं, झाडांना पाणी घालणं हा व्यायाम असेल तर पोळ्या लाटणं ऑलिंपिकमध्ये घ्यायला हवं. शनिवारी भजनी मंडळात मी दोन तास टाळ धरते, ते तर अ‍ॅपच्या गावीही नाही. मुलगी ढोलपथकात आहे, ती म्हणते मग माझंही धर. छंद व्यायामात धरायचा की नाही, एकदा काय ते सांगा.
ता. क. गच्चीवरचा नळ मार्चपासून बंद आहे. पाणी घरातून, दोन जिने चढून, बादलीने न्यावं लागतं."
— स. कु., डोंबिवली

स. कु., तुमचा ता. क. अख्ख्या पत्रापेक्षा मोलाचा आहे. पण त्याच्याकडे शेवटी येते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बागकाम व्यायामात धरा, पण त्याच्या कॅलरी अ‍ॅपमध्ये भरू नका. हे वाचून तुम्ही आणि तुमचे हे, दोघेही एकदमच "बघ, मी म्हणत होते/म्हणत होतो" असं म्हणणार, म्हणून जरा उलगडून सांगते.

हे ३६५ कुठून आले? अशा अ‍ॅपच्या पोटात एक कोष्टक असतं. कुठल्या कामाला किती शक्ती लागते याचं मोठं संकलन अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये छापलं आणि पुढे वेळोवेळी सुधारलं. त्यातलं माप म्हणजे मेट. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च करतं, तो एक मेट. बेताच्या वेगाने चालणं साडेतीनच्या आसपास. बागकाम, सरसकट, ३.८. आता तुमचे ६४ किलो गुणिले ३.८ गुणिले दीड तास करा. ३६५ येतात. अ‍ॅपने गणित चुकवलेलं नाही.

चूक त्या 'सरसकट' शब्दात आहे. कोष्टकातलं बागकाम म्हणजे सलग हात चालू असलेलं काम. तुम्ही मात्र दीड तासाचा जमाखर्च पत्रात फार प्रामाणिकपणे लिहिलाय (जागेअभावी तो वर छापला नाही): दहा मिनिटं बादल्यांच्या खेपा, पंचवीस मिनिटं मग्गा घेऊन पाणी घालणं, अर्धा तास स्टुलावर बसून पिवळी पानं खुडणं आणि माती उकरणं, पंधरा मिनिटं शेजारच्या काकूंबरोबर चहा, आणि उरलेली दहा, तुमच्याच शब्दांत, "नुसतं बघत उभी". या शेवटच्या दहा मिनिटांवर माझा अजिबात आक्षेप नाही. त्यांच्यासाठीच तर बाग असते. पण उभं राहून पाणी घालणं कोष्टकात दीड मेटचं आहे आणि चहा पिणंही त्याच्याच आसपास. खेपांना चढ-उतर मिळून सरासरी पाच धरले, खुडण्या-उकरण्याला तीन धरले, आणि त्यातून तुम्ही घरात सोफ्यावर बसला असतात तरी खर्च झालाच असता तो एक मेट वजा केला, तर बागेमुळे झालेला जादा खर्च १३० कॅलरींच्या आगेमागे येतो. ३६५ नव्हे.

तो एक मेट वजा करणं महत्त्वाचं आहे. दीड तासात त्याच्याच ९६ कॅलरी होतात, आणि त्या तुमच्या १४०० मध्ये आधीच धरलेल्या आहेत. जिवंत राहण्याचं भाडं ते. अ‍ॅप ते दोनदा लावतं.

पण खरी गोम पुढेच आहे. तुमचे १४०० कसे निघाले ते मी कागदावर मांडून पाहिलं. अशी अ‍ॅप बहुतेक १९९० सालचं एक सूत्र वापरतात. वजन, उंची आणि वय घातलं की स्वस्थ पडून राहिलेल्या शरीराचा दिवसाचा खर्च मिळतो. तुमचा येतो १२१८. दिवसभर बैठक असेल तर त्याला १.२ ने गुणायचं, 'हलकी हालचाल' असेल तर १.३७५ ने. तुम्ही दुसरं निवडलंत, म्हणून १६७४. आठवड्याला पाव किलो उतरवायचं तर रोज साधारण २७५ कमी खायचं, की आले तुमचे १४००. बैठ्या बाईपेक्षा अ‍ॅपने तुम्हाला आधीच रोजच्या २१३ कॅलरी जास्त दिल्यात. कशासाठी? याच बागेसाठी, केर-फरशीसाठी, बाजारातून पिशव्या आणण्यासाठी. म्हणजे बाग पहिल्या दिवशीच हिशेबात आली होती. त्यावर रोज ३६५ पुन्हा भरलेत की परवानगी १७६५ वर जाते, आणि तुमचा दिवसाचा खर्चच मुळी १६७४. काटा हलणार कसा?

तुम्ही लिहिलंय की त्या वाढीव कॅलरी तुम्ही "मुद्दाम खात नाही, पण शिल्लक दिसते म्हणून चारच्या चहाबरोबर काहीतरी होतं." अगदी. शिल्लक दिसली की खर्च होते. पगाराच्या खात्याचं वेगळं काय असतं?

आता तुमच्या ह्यांच्या ऑलिंपिककडे. उभ्याने स्वयंपाक करणं कोष्टकात दोन मेटपासून सुरू होतं आणि झटून केला तर साडेतीनपर्यंत जातं, हे त्यांना पोळी वाढताना सांगा. त्यांच्या चालण्याचाही हिशेब त्याच फुटपट्टीने करू. वजन पंचाहत्तर किलो आणि चार किलोमीटरला पाऊण तास धरला, तर निव्वळ जादा खर्च होतो १४० कॅलरी. तुमच्या १३० च्या शेजारी ठेवून बघा. चालून आल्यावर ते चहाबरोबर खारी घेत असतील तर तो विषय मी काढत नाही.

त्यांची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. ते पाऊण तास सलग चालतात, दम वाढतो, छाती धडधडते. तुमच्या दीड तासात तसं किती वेळ होतं? प्रामाणिक आकडा वीस-पंचवीस मिनिटं असावा. कॅलरी सारख्याच निघाल्या तरी हृदयाला मिळालेलं काम सारखं नाही. आणि व्यायामाचा खरा उपयोग तिथे आहे. कॅलरी जाळायला व्यायाम हे तसं महागडं साधन आहे. अर्धा तास घाम गाळून जे जातं ते एका वड्यात परत येतं. पण साखर, रक्तदाब, गुडघे, झोप यांचा व्यवहार कॅलरीत चालत नाही.

म्हणूनच "मग बाग कशाला" असं मनातही आणू नका. स्टॉकहोममध्ये साठीच्या सुमारे चार हजार स्त्री-पुरुषांकडे बारा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला. त्यात जिमबद्दल नव्हे, रोजच्या हालचालीबद्दल विचारलं होतं: बागकाम, घरातली डागडुजी, गाडीची देखभाल, रानात जाऊन मशरूम आणि बेरी वेचणं. अशी कामं जास्त करणाऱ्यांची कंबर बारीक होती आणि हृदयविकाराचा झटका-पक्षाघात यांचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसलं, ते वेगळा व्यायाम करोत वा न करोत. अर्थात मुळात धडधाकट माणसंच बागेत उतरतात असाही भाग त्यात असणार. लंडनच्या बसचा जुना अभ्यास याच कारणासाठी मला आवडतो. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये दाखवलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांच्याच गटाने कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत आधीपासूनच मोठ्या निघाल्या. तेव्हा कुठलंही एक संशोधन डोक्यावर घेऊन नाचू नये. पण इतक्या वर्षांत सगळा पुरावा एकाच बाजूला झुकत आलाय. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी म्हणायची की सलग दहा मिनिटं झाली तरच ती हालचाल धरा. २०२० च्या शिफारशींत ती अट काढून टाकली. आता आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, ती तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी चालेल. मध्यम म्हणजे तीन ते सहा मेटमधली, त्याच्या वरची जोराची. ओळखायची खूण सोपी आहे: काम करताना बोलता येतं, पण गाता येत नाही.

भजनी मंडळाचा निकालही इथेच लागला. तुम्ही दोन तास गाताय, म्हणजे ती मध्यम हालचाल नव्हे. बसून वाजवायची बहुतेक वाद्यं कोष्टकात दोन मेटच्या आसपास असतात. उभ्याने पावली खेळत असाल, तर तेवढी मिनिटं खुशाल धरा. बसून टाळ धरत असाल, तर तो शनिवार विठ्ठलाच्या खात्यावर असू दे.

मुलीचं मात्र धरायचं. पाडव्याच्या शोभायात्रेआधी किंवा गणपतीआधी महिना-दोन महिने रोज संध्याकाळी कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभं राहणारी मुलगी आणि तुम्ही, दोघींची गोष्ट एक नाही. तिचं काम जोराचं आहे, आणि वर्षभराच्या सवयीत न बसणारं, मधेच आलेलं आहे. 'हलकी हालचाल' निवडली तेव्हा त्यात ते नव्हतं. असा छंद वेगळा मोजायला हरकत नाही. दर रविवारी गड चढणारे किंवा पोहायला सुरुवात केलेले, त्यांनाही हाच न्याय. तरी अ‍ॅप दाखवेल त्याच्या निम्मंच धरावं असं मी सांगते. तुमच्या मुलीबाबतीत तर मला उलटी काळजी आहे. सरावाच्या दिवसांत तिला कॅलरी मोजायला लावू नका. घरी आल्यावर पोटभर वाढा.

मनगटी पट्टा घेतला तर नेमकं कळेल का, असंही तुम्ही विचारलंय. पैसे वाचवा. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये साठ जणांवर सात वेगवेगळे पट्टे तपासले. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगला निघाला तोही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर पट्टे सुधारले असतील. माझ्या स्वतःच्या हातावरचा मात्र गेल्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवताना पावलं मोजत होता. 'सुखकर्ता'पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत मी जागेवर उभी आणि पट्ट्याच्या मते अख्खं फडके रोड फिरून आलेली.

खर्चाची बाजू अशी अंधुक असते, तशीच जमेची. तुम्ही दोन दिवसांच्या जेवणाची नोंद पाठवलीत ते बरं केलंत. 'दोडक्याची भाजी, एक वाटी, ८० कॅलरी'. बाई, ती कुणाच्या घरची? आपल्या दोडक्यात फोडणीचं तेल असतं आणि वर शेंगदाण्याचा कूट. तुमचं पत्र समोर ठेवून मी कट्ट्यावरच्या काट्यावर कूट तोलला. पोह्याचा एक शिगोशीग चमचा ११ ग्रॅम भरला, म्हणजे ६० कॅलरींच्या वर. भाजीत पडतात दोन-तीन. काकडीच्या कोशिंबिरीत एक. उपासाच्या दिवशी तर खिचडीत चमचा नसतोच, वाटी असते. कूट बंद करा असं मी मेले तरी म्हणणार नाही, पण आठवडाभर तो मोजून घाला आणि अ‍ॅपमध्ये वेगळा भरा. तेलाचंही तसंच. लहान चमचाभर, ५ मिलीलीटर, म्हणजे ४० कॅलरी. आपण फोडणीला बुधलीतून 'अंदाजाने' ओततो आणि तो अंदाज सासूबाईंच्या काळच्या आठ माणसांच्या कुटुंबाचा असतो.

तर करायचं असं. अ‍ॅपमधलं 'गार्डनिंग' काढून टाका. व्यायामाच्या कॅलरी आपोआप मिळवायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये बंद करता येते, मुलीला सांगा, तिला दोन मिनिटांत सापडेल. 'हलकी हालचाल' तशीच राहू दे, तुमची बाग तिच्यात बसलेली आहे. १४०० म्हणजे १४००. आणि बागेची नोंद दुसरीकडे ठेवा, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे लिहिता त्याच चौकटीत. कॅलरी नाही, मिनिटं लिहा. तीही गच्चीवरची सगळी नव्हे, दम लागला तेवढीच. आठवड्याची बेरीज १५० ला पोचते का बघा. माझा अंदाज, थोडी कमी पडेल. ती भरून काढायला ह्यांच्याबरोबर दोन दिवस चाला. वाटेत ऑलिंपिकचा विषय निघाला तर वेग आपोआप वाढेल.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी चहाच्या आधी. चार आठवड्यांत काटा खाली आला तर आकडे बरोबर आहेत. नाही आला तर खाण्यातून शंभर-दीडशे कमी करा, हळूहळू. सूत्र शेवटी अंदाजच असतं. पण १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. तिथे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना गाठायचं.

साखरेसाठी एक बदल सुचवते. सगळं पाणी सकाळी घालायची गरज नाही. निम्म्या कुंड्या रात्रीच्या जेवणानंतर लगेच, पंधरा-वीस मिनिटांत उरका. जेवल्यावर थोडी जरी हालचाल झाली तरी स्नायू साखर ओढून घेतात आणि ती फार उंच चढत नाही. या कामाला दम लागायचीही गरज नाही. जे पाणी घालणं कॅलरीच्या हिशेबात दीड मेट म्हणून नापास झालं, ते जेवणानंतर खरं कामाला येतं. डोंबिवलीच्या मे महिन्यात झाडांनाही संध्याकाळचं पाणी सोसतं.

आता तो ता. क. भरलेली दहा लिटरची बादली घेऊन जिना चढणं कोष्टकात सहा मेटच्या घरात जातं. म्हणजे मध्यम सोडाच, ती जोराची हालचाल झाली. तुमच्या १३० कॅलरींतल्या चाळीसेक या दहा मिनिटांच्या आहेत. शिवाय बागेत स्नायूंना ताण देणारं दुसरं काही नाही. चाळिशी-पन्नाशीच्या मध्ये स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात, आणि त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस वजन उचलणं हवंच. तुम्हाला वाटत होतं की सोसायटीच्या नळामुळे तुमच्या बागकामाला कष्ट पडतायत. खरं तर तुमच्या बागकामातला व्यायाम तोच होता. एका हातात वीस लिटरचा डबा नेण्यापेक्षा दोन्ही हातांत पाच-पाच लिटरच्या दोन बादल्या न्या, एक हात कठड्याला लागणार असेल तर एकच न्या आणि खेपा वाढवा. उतरताना रिकाम्या हाताने, सावकाश. गुडघा कुरकुरला तर दोन दिवस थांबा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना नळासाठी पाठवायच्या अर्जाचा मसुदा तुम्ही सोबत जोडलाय आणि तो कसा वाटतो असं विचारलंय. मसुदा चांगला आहे, भाषा थोडी तिखट आहे, पण चालेल. पाठवा. नळ दुरुस्त झाला की मंगळवार-शुक्रवार तो बंदच आहे असं समजा.